पाठची बाजू

मनामात ऑगस्टला भिंतींनाही घाम फुटतो.
एसी दोन दिवस बंद पडला
तर अल्बमची पानं
एकमेकांना घट्ट धरून बसली.

ओढायचं नाही, फाटतं.
दात साफ करायचा दोरा घेतला,
फोटोखालून करवतीसारखा चालवला.
पिवळा गोंद कुरकुरत सुटला.
बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या
सिलिकाच्या पुड्या, बटर पेपर, बिस्किटांचा रिकामा डबा,
सगळं टेबलावर
आणि डाळ गॅसवर विसरलेली.

अठ्ठ्याहत्तर साल. अण्णा
पांढऱ्या शेवरलेला टेकून उभे,
बोटात किल्ल्या, डोळ्यांवर गॉगल.
हाच फोटो गुहागरला
देव्हाऱ्याच्या वर टांगलेला असायचा.

त्यांच्याकडची ही प्रत उलटी केली.
बॉलपेन कागदात रुतलेलं:
‘गाडी अरबाबाची. किल्ल्या खोलीच्या.
आईला कळवू नये.’

कुणाला लिहिलं होतं?
धाडलं का नाही?

मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात तारीख टाकली,
दाबून नाही.
गुहागरची प्रत वाळवीने खाल्ली
म्हणून कुशाआत्या मागते आहे कधीची,
दादाच्या पहिल्या गाडीचा फोटो.

स्कॅन करून पाठवला.
एकच बाजू.