बारा पॉइंट सात

सियागंजच्या मागच्या गल्लीत मुर्तझाभाई
तागाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो
आणि ड्राइव्ह काढतो, पोत्यातून कणसं काढावीत तसे.
नऊ पॉइंट पाच नको, मी सांगते,
जाड हवा. बारा पॉइंट सात.
मागे पन्नास पिनांची पट्टी.
"मॅडम, ये तो अब म्यूजियम में बी नी मिलेगा."
मग मिळतोच.
साडेसातशे. गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.

सांवेर रोड, औषधांचा कारखाना.
गेटवर माझे पेचकस मोजून घेतात.
सर्व्हरच्या खोलीत अठरा अंश;
जूनमध्ये स्वेटर घालणारी
इंदुरात मी एकटीच असेन.

यंत्र सोळा वर्षांचं.
नवं घ्यायला कुणी सही करत नाही, हे बंद करायलाही नाही,
कारण खोकल्याच्या औषधाची प्रत्येक बॅच त्याच्या पोटात
आणि सोमवारी तपासणी.
ते पडलंय, आणि उठणार तर फक्त चकतीवरून.
पेनड्राइव्ह लावला तर ओळखच देत नाही.

जुन्या ड्राइव्हचं बटण दाबलं की
आतून आवंढा गिळल्याचा आवाज, मग गप्प.
अशा प्रत्येक ट्रेच्या कपाळावर एक बारीक भोक असतं.
त्यासाठी सरळ केलेली यू-पिन
मी पर्समध्ये ठेवते, सुईदोऱ्याशेजारी.
टोचली.

आत चकती. कंपनीची नव्हे.
मार्करनं, घाईच्या अक्षरात:
छकुलीचं बारसं, २४ नोव्हें. ०९

खिळ्याला रजिस्टर लटकत होतं, कुणी फेकलेलं नाही.
२४ नोव्हेंबर, रात्रपाळी: र. वि. कर्पे.
२५, कर्पे. २६, कर्पे.

म्हणजे रजा मिळाली नसावी.
म्हणजे नंतरच्या एखाद्या रात्री, इथेच, उभ्यानं,
या पंख्यांच्या घोंघाटात त्यानं ते पाहिलं असेल.
सर्व्हरला कुणी स्पीकर लावत नाही.
आत्या पाळण्यात वाकली, कानात कुर्रर्र केलं,
आणि मुलीचं नाव
बापानं ओठांवरून वाचलं.

मग ट्रे उघडेना.
पहाटेपर्यंत किती वेळा दाबलं असेल बटण,
कुणास ठाऊक.
बोलला नाही. नंतर चकती कुणाला लागलीही नाही.

"कर्पे? ते तर केव्हाच पीथमपूरला गेले,"
ऑफिसातली मुलगी म्हणाली, मान वर न करता.

पोत्यातला ड्राइव्ह बसला. घरघरला, अडखळला,
मग एका लयीत फिरू लागला. यंत्र उठलं.
रिपोर्टात लिहिलं: ड्राइव्ह बदलला.
जुन्या ड्राइव्हमध्ये काही आढळल्यास: निरंक.

गेटवर पुन्हा मोजणी. पेचकस सात, पिन एक.
चकतीचा रकाना त्यांच्या वहीत नाही.

चौदा वर्षांची ती मुलगी पर्समध्ये घालून
राजवाड्याच्या बसमध्ये उभी राहिले.
नाव काय असेल, म्हणून
दोनदा काढून चकतीची पाठ पाहिली;
माझाच चेहरा, मधोमध भोक असलेला.
माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही.