तिकडे पाऊस पडतोय का

मुलाखत दुपारी साडेबाराला,
तिकडचे चार.
नान्नांनी दोन्ही माग वीस मिनिटं बंद ठेवले.
वीस मिनिटांत किती टॉवेल होतात
मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.
पलीकडच्या कोंगारींचे माग मात्र धडाधडा चालूच.
त्यांना काय सांगणार,
गप बसा, पोरगी इंग्रजी बोललाली?

माझ्या पाठीमागे चादर ताणून लावलेली,
पोपडे दिसू नयेत म्हणून.
वांदोच्या शाळेतल्या मिस ओ
बोलता बोलता थांबल्या, कान दिला,
म्हणाल्या, तिकडे पाऊस पडतोय का?
विडी घरकुलात, एप्रिलात,
पत्र्याखाली त्रेचाळीस डिग्रीत बसून
मी म्हटलं, हो.
जोराचा.

आता दोन करारपत्रं आहेत, सात रस्त्यावरून प्रिंट काढून आणलेली,
आणि एक नोकरी जिला कागदच नाही:
होटगी रोडची इंग्लिश मीडियम,
सही पंधरा हजारांवर, हातात अकरा.

देजॉनची अकादमी देते तेवीस लाख वॉन.
लाख म्हटल्यावर आईची कात्री पानात अडकली.
लाइट बिलाच्या पाठीवर मी हिशोब मांडला,
शून्यं गळत गेली,
तरी नान्नांचं अख्खं वर्ष एका महिन्यात बसत होतं.
वर्ग रात्री दहापर्यंत.
उच्चार अमेरिकन ठेवावा.
आणि फोटो पुन्हा पाठवा, जरा उजेडात काढलेला.
पहिलाही उजेडातलाच होता.
सोलापुरात दुसरं असतं काय?

वांदो म्हणजे बेट. दोन लाख कमी.
शाळेत एकतीस मुलं,
फोटोत दोऱ्यांवर काळं शेवाळ वाळत घातलेलं,
आमच्या बोळात रंगवलेलं सूत असतं तसं.
राहायला खोली, तिची फरशी खालून गरम करतात.
सोय म्हणून लिहिलंय हे.
नान्ना ठसका लागेपर्यंत हसले:
इथं फुकट मिळतंय की!

मला भीती वाटते ती वेगळीच.
घरात तेलुगू, मराठी शाळेत शिकले,
इंग्रजी मराठीतून.
'द' कुठे लावायचा ते मला कानाने कळत नाही,
नियमाने कळतं.
मिस ओंना हे सांगून टाकलं, सांगताना घाम फुटला.
त्या म्हणाल्या, आमच्या मुलांनाही कानाने कळत नाही.
आणि वहीत काहीतरी लिहिलं.
काय, ते दिसलं नाही.

आई मला काहीच सुचवत नाही.
तिला एवढंच माहीत:
कारखाना पान वजनावर देतो,
विडी मोजून घेतो,
त्यातली मूठभर छाट म्हणून बाजूला काढतो,
आणि छाट का, ते विचारायचं नसतं.
संध्याकाळी सूप मांडीवरून उतरवताना
तिने एकदाच विचारलं,
मळ्ळा ओस्तवा?
परत येशील?

मी कलम शोधलं, वाचून दाखवलं.
जाण्याचं भाडं पोहोचल्यावर,
येण्याचं, वर्ष पूर्ण भरल्यावर.
दोन्ही करारांत तेच.

ते तिकिटाचं झालं,
ती म्हणाली,
आणि विड्यांचे कट्टे मोजायला लागली. मधेच चुकली,
परत एकपासून.

रात्री मिस ओंचा निरोप आला.
उत्तर शुक्रवारपर्यंत हवंय.
खाली वेगळी ओळ:
पाऊस थांबला का?

नान्नांनी तेवढ्यात बटण दाबलं.
दिवसाचं राहिलेलं भरून काढायचं होतं त्यांना.
फळीवरची भांडी थरथरली,
माझ्या हातातला फोनही.

मी लिहिलं,
थांबला होता.
वीस मिनिटं.