सत्त्याऐंशीपट लहान

जळगावच्या सराफाकडचा चिमटा,
एक पाय किंचित वाकडा, म्हणून फुकट.
दाढीचं अर्धं पातं. नेलकटर.
आईच्या मशीनची सुई, पेन्सिलीत बसवलेली,
भोकं पाडते; कधी पत्र्याला, कधी बोटाला.
पैसे पडले ते एकाच कानशीला,
उंदराच्या शेपटीएवढ्या.

भुसावळात मे महिन्यात
रंग ब्रशवरच सुकतो,
म्हणून पहाटे चारला बसायचं.
यार्डात डबे जोडल्याचा धक्का,
टेबल हलतं,
चिकटवलेला दांडा निसटतो.
पुन्हा.

इंजिन पुरं झालं, तेव्हा सुपडूकाकांना बोलावलं.
तेहतीस वर्षं शेडमधे फिटर.
चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "भो, हे तर नवरीसारखं सजवलं तू.
डावीकडची पायरी वाकलेली होती.
वाकव."

मी महिनाभर सगळं सरळ करत होतो.
वाकवायचं कशानं, सुचेना.

त्यांनीच चिमटा उचलला,
त्याचा वाकडा पाय पायरीखाली घातला
आणि एकदाच दाबलं.
"आता इथला रंग घास. थोडाच.
रामकृष्णचा बूट रोज इथंच पडायचा."
"कोण रामकृष्ण?"
"घास तू."

पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा.
खालचा पत्रा चमकला.

रात्री हिशेब केला :
माणसाचा बूट, भागिले सत्त्याऐंशी,
म्हणजे एक तीळ.
तीळ घरात आहेत.
उचलायला चिमटा शोधला, तर
काका तो खिशात घालून गेलेले.