डावं-उजवं

विलेम आपोलस म्हणतो, उन्हाला सगळ्यात आधी शरण जातो
तो लाल. निळा थोडा झुंजतो.
पांढऱ्याचं काय, तो मेल्यावरही पांढराच.
मग अंगठ्याला थुंकी लावून बॉनेट घासतो
आणि गुलाबी झालेला अंगठा माझ्यापुढे धरतो,
डॉक्टर रिपोर्ट धरतात तसा.

गाडी बाबांची. घेतली तेव्हा म्हणे
कीटमान्सहूपच्या चर्चमधून बाहेर पडलेली माणसं
प्रवचन विसरून तिच्याभोवती उभी राहिली होती.
आता टपावरचं लॅकर शेंगदाण्याच्या फोलासारखं सुटतं,
वाऱ्याबरोबर अंगणात येतं
आणि कोंबड्या टोचून बघतात, खाण्यासारखं आहे का.

पण खरी गोष्ट दारांची.
बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे.
मंगळवारी आणि शुक्रवारी मारिएन्ताल,
सव्वादोनशे किलोमीटर, नाकासमोर उत्तर.
सकाळी जाताना ऊन उजवीकडून.
संध्याकाळी परतताना गाडी वळलेली, सूर्यही वळलेला,
ऊन पुन्हा उजवीकडूनच.
एकोणीस वर्षं.
डावं-उजवं करू नये, असं म्हणत
आम्हा बहिणींना संत्र्याच्या फोडी मोजून देणारा माणूस,
त्याच्याच गाडीत सूर्य उघड उघड
डावं-उजवं करत राहिला.

म्हणून डावीकडून बघाल तर ती अजून लाल आहे,
जरा दमलेली, पण लाल.
उजवीकडून बघाल तर
इस्पितळातल्या, शंभरदा धुतलेल्या चादरीची गुलाबी.
पंपावरचा पोरगा तिला गुलाबीच म्हणतो.
आई जन्मभर डाव्या दाराने चढली, डाव्या दाराने उतरली.
तिला विचारा.
"लालच आहे की! काय झालंय तिला?"

विलेमने पेट्रोलचं झाकण उघडलं.
"हा बघ खरा रंग."
बशीएवढा, ओला वाटावा इतका लाल.
मी बघितला, आणि
कुणाच्या तरी लग्नाआधीच्या फोटोकडे बघावं तसं अवघडले.
बंद कर, म्हटलं.

नुसता टप आणि उजवी बाजू केली तर साडेसात हजार,
पण जोड दिसणार. अख्खी केली तर तेरा.
पांढरी केली तर अकरा, शिवाय आत गार.
डोर्टिया वॉल्विस बेहून फोनवर म्हणाली, विकून टाक.
मग म्हणाली, निदान पांढरी तरी कर,
जानेवारीत सीट भाजते.
आई मागून म्हणाली, भाजू दे.

उजव्या खिडकीखाली कोपराएवढी एक जागा आहे.
तिथे लाल नाही, गुलाबी नाही, प्रायमरसुद्धा नाही.
नुसता पत्रा, झिजून गुळगुळीत.
विलेमचा सँडपेपर तिथवर आला आणि थांबला.
"हे उन्हाचं काम नाही," म्हणाला.
बराच वेळ मग बोललाच नाही.
शेवटी म्हणाला, बॉनेटवर तीन चौकोन मारून देतो,
आठवडाभर बघ, मग सांग.

पहिला, झाकणाखालचा लाल.
दुसरा, पांढरा.
तिसरा त्याने स्वतःच्या मनाने मिसळला,
डाव्या दारापासून निघून
उजव्या दाराकडे अर्ध्या वाटेवर पोचलेला.
डब्याच्या झाकणावर खडूने लिहिलं, "म्हाताऱ्याचा".

ते फेब्रुवारीत.
आता ऑक्टोबर आहे. मंगळवारी मीच जाते मारिएन्तालला,
मागच्या सीटवर बाबांची हत्यारांची पेटी,
बॉनेटवर तीन ठिगळं.
लोक विचारतात, कसला झेंडा आहे हा?

काल पंपावर विलेम भेटला. "ठरलं का?"
मी बॉनेटकडे बोट केलं.
वर लॅकर नव्हतं ना, लाल चौकोन विटायला लागलाय.
पांढऱ्यावर धुळीची साय.
तिसरा कुठे आहे
ते त्याला वाकून, बोटांनी चाचपून शोधावं लागलं.
सापडल्यावर हसला. खूश झाला की वरमला, कळलं नाही.
"मग?"

मी काच खाली केली, कोपर ठेवलं.
चटका बसला.
पुन्हा ठेवलं.
पुढच्या महिन्यात येते, म्हटलं.