थालामोस

मितिलिनीच्या सरकारी दवाखान्यात
डॉक्टर क्लिओनीकी उजेडाकडे फिल्म धरून म्हणाल्या,
"रक्त अडलंय ते थालामोसमध्ये."
एव्हान्थियाने दारावरचा आकडा पाहिला.
"हो, चार नंबरच्या. इथेच तर झोपलाय."

तिच्या भाषेत वॉर्डलाही थालामोस म्हणतात,
आणि धक्क्यावरच्या त्या काचेच्या टेलिफोन बूथलाही,
जिथे ती रविवारी मुठीत नाणी घेऊन उभी असायची
आणि स्त्रातिसचा आवाज रॉटरडॅमहून, सँटोसहून
आधी नुसती खरखर होऊन यायचा,
मग नवरा होऊन.

डॉक्टर हसल्या नाहीत. कागदावर
कबुतराच्या अंड्याएवढा गोल काढला.
मेंदूचं माजघर समजा, म्हणाल्या,
डोळ्यांचं, कानांचं, बोटांचं येणंजाणं इथूनच.
जुनं कपाटात आहे तसंच आहे.
नवं मात्र उंबऱ्यावरून परत फिरेल.
आणि जाता जाता, जणू बिनमहत्त्वाचं:
वास तेवढा मागच्या दाराने जातो.

घरी आल्यावर
पिरेयसच्या न्हाव्याची एकाहत्तर सालची उधारी त्याला पाठ,
आणि मार्चमध्ये झालेली नात रोज सकाळी नवी.
"नाव काय ठेवलं?"
"मिर्सिनी."
"आईचं!" म्हणतो, आणि डोळे पुसतो.
दिवस वाईट गेला तर एव्हान्थिया
संध्याकाळी पुन्हा एकदा सांगते,
स्वतःसाठी.

पनागोस गेल्याचं एकदाच सांगितलं.
धाकट्या भावासाठी तो असा रडला
की शेजारीण जिन्यावर येऊन उभी राहिली.
पाव तासाने म्हणाला, "पनागोसला हाक मार,
बर्फ वितळतंय."
तेव्हाच तिने ठरवलं: ही बातमी
यापुढे या घरात शिरणार नाही.
दर शनिवारी तो तीन ग्लास मांडायचा.
तिसरा ती मोरीत ओतायची,
कधी प्यायची.

केंद्रात त्याला वेताची टोपली शिकवतात.
"हे मी जन्मात केलं नाही," तो बाईंना रोज सांगतो
आणि बोटं कालच्या पुढची ओळ घालतात.

चाळिसाव्याचा विधी आटोपून
ती चर्चमधून परतली. बाजारात गेले होते, म्हणाली.
खिशात उकडलेले गोड गहू, पुडीत बांधलेले.
स्त्रातिसने उठून तिचा कोट काढून घेतला,
खुंटीला लावायचा विसरला,
बाहीत नाक खुपसून उभाच राहिला.
लोबान, मेण, ओला दगड.
"मासे मिळाले?" त्याने विचारलं.
"नाही मिळाले."

त्या शनिवारी त्याने दोनच ग्लास मांडले.
ती कपाटापाशी थांबली.
"तिसरा?"
"कोणासाठी?" तो म्हणाला,
आणि काकडी चिरत राहिला,
इतकी बारीक, इतकी बारीक,
की पाटावर नुसतं पाणी उरलं.