शेवटची सोळा पानं

साखर पेठेतल्या बिडीच्या वखारीत
मला वाचायचे दोन आणे मिळत.
बाकीच्यांच्या मांडीवर सुपं,
माझ्या मांडीवर कादंबरी:
पाठ सुटलेली, कोपरे वाळवीनं खाल्लेले,
आत सरदार जयाजीराव,
मनगटावर गजरा, दारात सावकार,
आणि प्रत्येक प्रकरणात नवा जिना.

मी मराठीत वाचायची,
बायका तेलुगूत शिव्या घालायच्या.
"अब्बो, याला पानासारखा चौकोनी कापा!"
तरी तो मैनाराजेंच्या खिडकीखाली उभा राहिला
की जर्दा भरणारे हात थांबत
आणि मुकादम खोकायचा.

एकोणिसाव्या प्रकरणात तो सुधारला.
देवळाच्या पायरीवर, एका रात्रीत.
पुढची सोळा पानं नव्हतीच.

"वाच की."
"नाहीत."
राजव्वा म्हणाली, लढाईत मरू दे,
मेलेला सुधारलेलाच राहतो.
अंबक्का म्हणाली, लग्न.
सोळा पानं जेवणावळीलाच लागतील.

नरसूबाई गप्प.
तिचा राजमल्लू सगळ्यांना ठाऊक होता:
रेशमी रुमाल, तमाशाच्या कनातीत पहिली बैठक,
गड्ड्याच्या जत्रेत हरवला तो
थेट शिमग्याला सापडलेला.

हातातली जुडी बांधून झाल्यावर ती म्हणाली,
"एका रात्रीत कोण सुधारतं गं.
आला, मागाच्या खड्ड्याशी बसला.
माग तेव्हा मीच चालवत होते.
म्हणाला, तुटलेलं सांधू का?
मी सांधू दिलं.
तो झोपला की चिमणी लावायची,
त्याची एकेक गाठ सोडवून
माझी घालायची.
एक वर्ष.
दोन.
गाठी चांगल्या होत्या, तरीही.
मग एका रात्री काड्यापेटी हातात घेतली
आणि ठेवून दिली.
त्याला अजून माहीत नाही.
तिथं लिही तुझं समाप्त."

गिरणीचा भोंगा झाला. सुपं झटकली.

पुष्कळ वर्षांनी ती सोळा पानं मिळाली,
वाचनालयात, लाल पुठ्ठ्यात शिवलेली.
चांदणं होतं. जयाजीराव पायांशी होता.
मैनाराजे दुसऱ्याच ओळीत विरघळल्या होत्या.
मी समासात पेन्सिलीनं
एक बारीक गाठ काढली,
पुस्तक परत केलं.

ग्रंथपालानं चार आणे दंड घेतला.