तेलाचा डाग

मंडळीनं माझ्या पिशवीत दीडशे पत्रकं घातली.
गुळगुळीत कागद, वर सूर्योदय,
खाली निळ्या अक्षरांत: देवाचं प्रेम सगळ्यांसाठी.
"आवळे मास्तर, सीपीआरला जा," पाळक म्हणाले,
"तिथं दुःख आहे."
जसं काही दुःख केएमटीच्या थांब्यावर
नंबराची पाटी घेऊन उभं असतं.

बत्तीस वर्षं मी भूमिती शिकवली.
अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं
की घशात खडू अडकतो.
पाच वाजल्यापासून वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात
या खांबापासून त्या खांबापर्यंत
सरळ रेषेत चालत राहिलो.
डॉक्टर समजून लोक उठून उभे राहायचे,
पिशवी बघून परत बसायचे.

निघताना राहेलनं डबा दिला होता.
कांदा-लसणाची चटणी, वर कच्चं तेल.
भाकरी द्यायला विसरली.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
मी काही बोलणार नव्हतो.

तिसऱ्या खांबाशी एक बाई बसलेली.
ओच्यात दोन भाकरी, आदल्या दिवशीच्या,
कडा कौलासारख्या.
सोबत काही नाही. मीठसुद्धा नाही.
मुलगा आत. उसाच्या ट्रॉलीखाली पाय.
राधानगरीच्याही पलीकडून आलेली.
तू कोण, कुणाचा, कुठल्या देवाचा,
काही विचारलं नाही.

"कागुद हाय का वो, दादा?
पोराला अर्दी गुंडाळून द्यायची हाय."

दीडशे कागद होते.
मी एक दिला.
मग हाताला काय वाटलं कोण जाणे,
त्यानं डबाही उघडला.

अर्ध्या भाकरीवर तिनं चटणी पसरली,
सूर्योदयावर ठेवली, चार घड्या घातल्या.
तेल हळूहळू कागदात चढत गेलं.
पलीकडची अक्षरं अलीकडे आली,
प्रार्थनेची वेळ देवाच्या नावावर चढली,
एक शब्द धड वाचता येईना.
पण आता त्या कागदातून
व्हरांड्याचा दिवा दिसत होता.

"थांबा, आत देऊन आलो," म्हणत ती गेली.
परत आली तेव्हा पदर डोळ्याला.
"खाल्ली. दोन दिसांनी खाल्ली बगा."
मग उरलेली भाकरी गुडघ्यावर मोडली
आणि मोठा तुकडा माझ्यापुढं धरला.
"तुमीबी जेवला न्हाई न्हवं? तोंडच सांगतंय."

प्रभुभोजनाच्या रविवारी
कोट घालून मी ताट फिरवतो.
तुकडा सांडू नये म्हणून
शेवटच्या बाकापर्यंत श्वास धरतो.
इथं मांडी घालून बसलो.
चुरा सांडला, मुंग्या आल्या,
तिनं त्यांनाही हुसकलं नाही.
चटणीनं माझ्या नाकाडोळ्यातून पाणी काढलं,
आणि ते चटणीचंच होतं
असं मी आजही सांगतो.

"नाव काय तुमचं?"
"यसाबाई. आनि तुमचं?"
"शलमोन."
"श, काय?"
"शलमोन."
"बरं बरं, शालूदादा. पानी प्या."

रविवारी पाळकांनी विचारलं, किती वाटली?
एक, म्हणालो.
एकच?
तीही भाकरी बांधायला.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"चटणी नुसतीच नेली होती?" म्हणाले,
"गुरुवारी माझ्या घरचं दही घेऊन जा."

राहेलनं रिकामा डबा हुंगला.
"भाकरी तर इथंच राहिली, मग खाल्ली कशाशी?"
मी सगळं सांगितलं.
तिनं ऐकता ऐकता परातीत
आणखी दोन मुठी पीठ घेतलं.

उरलेली एकशे एकोणपन्नास
अजून पिशवीत आहेत.
कुणाला कागद लागला तर
जवळ असावा.